रहीम मास्तरांची व्यूहरचना

युद्धशास्त्राचें नांव काढलें कीं आपल्या डोळ्यांपुढें कुरुक्षेत्र उभें राहतें. क्रौंचव्यूह, गरुडव्यूह, चक्रव्यूह हीं नांवें आपल्या घरांतील लहान मुलांनाहि पाठ असतात. अभिमन्यूला व्यूहांत शिरण्याची विद्या अवगत होती, बाहेर पडण्याची नव्हती, ही कथा ऐकून ज्याचे डोळे कधींच पाणावले नाहींत असा श्रोता विरळा. परंतु व्यूह हा विषय आतां केवळ पुराणापुरता उरला आहे असें मात्र कोणीं समजूं नये. आजहि तो प्रत्यक्ष पाहावयास मिळतो. मात्र रणांगणावर नव्हे, तर फुटबॉलच्या मैदानावर.

गेल्या कांहीं वर्षांत आमच्या यवतमाळासारख्या ठिकाणींहि जागतिक फुटबॉलचे सामने जागून पाहणारीं घरें झालीं आहेत. मुलें दूरचित्रवाणी-संचासमोर ठाण मांडून बसतात आणि वडील मंडळी कुतूहलानें विचारतात, ‘बावीस माणसें एका चेंडूमागें धावतात, त्यांत योजना ती कसली?’ प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर यथामति द्यावें आणि त्या निमित्तानें एका थोर पण बऱ्याचशा विस्मृत शिक्षकाची ओळख आमच्या वाचकांस करून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

कौटिल्यानें आपल्या अर्थशास्त्राच्या दहाव्या अधिकरणांत सेनेचे भाग सांगितले आहेत. दोन्ही बाजूंस पसरलेले ते पक्ष, त्यांना लागून असलेले ते कक्ष, मध्यभागीं छातीसारखें उभें असलेलें तें उरस्य, आणि या सर्वांच्या मागें राखून ठेवलेली जी फौज, तिला प्रतिग्रह असें नांव आहे. राजानें या प्रतिग्रहापाशीं उभें राहावें आणि प्रतिग्रह नसेल तर युद्धच करूं नये, असा त्या आचार्यांचा स्पष्ट अभिप्राय आहे. आतां फुटबॉलचा संघ डोळ्यांपुढें आणावा. दोन्ही कडांनीं धावणारे खेळाडू हे पक्ष, मधली फळी हें उरस्य, गोलाच्या पुढ्यांत उभी असलेली बचावफळी ही भिंत, आणि मैदानाबाहेर बाकावर बसलेले राखीव खेळाडू हा प्रतिग्रह! त्यांच्या शेजारीं उभा राहून जो सर्व पाहत असतो तो प्रशिक्षक. राजाची जागा कौटिल्यानें जेथें सांगितली, बरोबर तेथेंच तो उभा असतो.

या खेळाच्या स्पर्धा दोन प्रकारच्या असतात. साखळी पद्धतींत एक सामना गमावला तरी पुढच्या सामन्यांत भरून काढतां येतें. बाद पद्धतींत तसें नाहीं. हरला तो घरीं गेला. पहिली घटक चाचणी, दुसरी मॅट्रिकची परीक्षा, असें म्हटलें म्हणजे भेद कोणाच्याहि ध्यानांत येईल. बाद फेरीचा सामना एकदांच व्हावयाचा असल्यामुळें त्यांत शत्रूला अनपेक्षित असें कांहींतरी करावें लागतें. १८ डिसेंबर २०२२ रोजीं कतारमधील लुसैल येथें जागतिक स्पर्धेचा अंतिम सामना अर्जेंटिना व फ्रान्स यांच्यांत झाला, तो आमच्या पुष्कळ वाचकांनीं पाहिला असेल. अर्जेंटिनाचे प्रशिक्षक स्कालोनी यांनीं दी मारिआ या अनुभवी खेळाडूस त्या दिवशीं एरवींच्या उजव्या बाजूऐवजीं डाव्या पक्षावर उभें केलें. फ्रान्सची ती बाजू गडबडली. त्याच बाजूनें अर्जेंटिनाला पहिला गोल करण्याची संधि मिळाली आणि ३६ व्या मिनिटास खुद्द दी मारिआनें दुसरा केला. मध्यंतरापूर्वींच फ्रान्सच्या प्रशिक्षकांना आघाडीचे दोन गडी बदलावे लागले. पुढें दी मारिआ मैदानाबाहेर गेल्यावर फ्रान्सनें बरोबरी साधली, ३-३ अशी कोंडी झाली आणि शेवटीं पेनल्टींवर ४-२ असा निकाल लागला, तो भाग निराळा. एक माणूस उजवीकडून डावीकडे हलवितांच एवढा फरक पडला, हें येथें लक्षांत घेण्यासारखें आहे.

परंतु अशा योजकतेचें उदाहरण पाहण्यास सातासमुद्रांपलीकडे जाण्याचें कारण नाहीं. आम्हां यवतमाळकरांना पैनगंगा ओलांडली तरी पुरे.

नदीपलीकडचे मास्तर

आमच्या जिल्ह्याच्या दक्षिणेस पैनगंगा वाहते. १९४८ पर्यंत तिच्या पैलतीरावर निजामाचें राज्य होतें. नागपूरहून निघालेला महामार्ग आजहि पांढरकवडा आणि पाटणबोरीवरून पुढें जाऊन नदी ओलांडतो आणि हैदराबादेस पोंचतो. त्याच हैदराबादेंत १९०९ सालीं सय्यद अब्दुल रहीम यांचा जन्म झाला. उस्मानिया विद्यापीठांत त्यांचें शिक्षण झालें आणि पुढें त्यांनीं शिक्षकाचा पेशा पत्करला. शाळेंत मुलांना शिकवावें आणि उरलेला वेळ फुटबॉलला द्यावा, असा त्यांचा क्रम असे. १९४३ सालीं ते हैदराबादच्या फुटबॉल संघटनेचे चिटणीस झाले. खेळाडू त्यांना ‘रहीम साहेब’ म्हणत. परंतु शिक्षकीपेशांत जन्म घालविलेल्या आमच्यासारख्यास त्यांना ‘रहीम मास्तर’ म्हणावेंसें वाटतें. कारण त्यांच्या सर्व कर्तृत्वाचें मूळ त्यांच्या मास्तरकींत आहे अशी आमची खात्री आहे.

त्यांच्या हाताखालीं तयार झालेल्या हैदराबाद पोलिसांच्या संघानें मुंबईस कुपरेजच्या मैदानावर होणारा रोव्हर्स चषक १९५० ते १९५४ असा सलग पांच वर्षें जिंकला. या स्पर्धेचा आरंभ १८९१ सालचा. मुंबईसारख्या शहरांत येऊन, तेथील नामांकित संघांना हरवून, पांच वेळां ओळीनें चषक घेऊन जाणें ही सामान्य गोष्ट नव्हे. मुंबईकर प्रेक्षकांनाहि या संघाच्या खेळाचें मोठें आकर्षण वाटे.

त्यांची शिकविण्याची रीति मोठी मनोवेधक होती. बहुतेक खेळाडूंचा एक पाय तरबेज असतो आणि दुसरा केवळ उभें राहण्यापुरता. रहीम मास्तर सामनेच असे भरवीत कीं त्यांत खेळाडूनें फक्त आपल्या कमजोर पायानें चेंडू मारावा. चेंडू पायाशीं खेळवीत एकट्यानेंच पुढें घेऊन जाण्यास मनाई, असेहि सामने ते लावीत. यामुळें एकट्याच्या करामतीची हौस जिरून सोबत्याकडे पाहण्याची संवय लागे. ज्या शिक्षकानें वर्गांत हुशार मुलाला थोडा वेळ गप्प बसवून मागच्या बांकावरच्या मुलाला उत्तर द्यावयास लाविलें असेल, त्याला या युक्तीचें मर्म निराळें सांगावयास नको.

१९५१ सालीं दिल्लीस पहिली आशियाई क्रीडास्पर्धा भरली. तींत रहीम यांच्या मार्गदर्शनाखालीं भारतीय संघानें अंतिम सामन्यांत इराणला १-० असें हरवून सुवर्णपदक मिळविलें. पण पुढच्याच वर्षीं हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्यें युगोस्लाव्हियानें आपला १०-१ असा धुव्वा उडविला. त्या काळीं आपले पुष्कळसे गडी अनवाणी खेळत. तेथील थंड व ओलसर मैदानावर बूट घातलेल्या युरोपीय खेळाडूंपुढें त्यांचा निभाव लागला नाहीं. या पराभवानंतर आपल्याकडे बूट घालून खेळणें सक्तीचें झालें. एखाद्या हट्टी मनुष्यास जें दहा वर्षें सांगून पटत नाहीं, तें कधीं कधीं एका दिवसाची मानहानि पटवून देते.

चार वर्षांनीं, १ डिसेंबर १९५६ रोजीं, मेलबर्न ऑलिंपिकच्या उपांत्यपूर्व सामन्यांत भारतानें यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असें हरविलें. त्यांतील तीन गोल एकट्या नेव्हिल डिसूझा यांचे. हे मूळचे गोव्यांतील बार्देशचे आणि खेळत मुंबईस टाटांच्या संघांतून. ऑलिंपिक फुटबॉलमध्यें एका सामन्यांत तीन गोल करणारे ते पहिलेच आशियाई खेळाडू. पुढें युगोस्लाव्हियाशीं आपण ४-१ असे हरलों, त्यांत आपला एकमेव गोलहि डिसूझांचाच. संघ चौथा आला. ऑलिंपिक फुटबॉलमध्यें भारताला याहून वरचा क्रमांक अद्यापि मिळालेला नाहीं.

जकार्तांतील अंतिम सामना

आतां मुख्य कथेकडे वळूं. १९६२ च्या ऑगस्ट-सप्टेंबरांत इंडोनेशियाची राजधानी जकार्ता येथें चवथी आशियाई स्पर्धा झाली. फुटबॉलचे आठ संघ होते. चार-चार संघांचे दोन गट, प्रत्येक गटांतील पहिले दोन पुढें, आणि मग बाद पद्धतीनें उपांत्य व अंतिम सामने, अशी मांडणी होती. पहिल्याच सामन्यांत दक्षिण कोरियानें भारताला २-० असें हरविलें. कोरियाचा संघ बलाढ्य होता; १९५६ व १९६० अशा दोन्ही आशिया चषकांचा तो विजेता.

पुढच्या सामन्यांत थायलंडला ४-१ असें हरविलें खरें, पण त्या विजयाची किंमत मोठी पडली. बचावफळीचा केवळ आधारस्तंभ असे जर्नैलसिंग डोक्यास जखम होऊन बाहेर गेले. जखमेस टाके घालावे लागले. आजच्यासारखी बदली खेळाडू सहज घेण्याची सोय त्या काळीं नव्हती. जपानविरुद्ध जर्नैलसिंगांवांचून खेळून आपण २-० असे जिंकलों आणि उपांत्य फेरीस पोंचलों.

येथें रहीम मास्तरांपुढें जो पेंच पडला तो आमच्या वाचकांनीं नीट मनांत आणावा. जर्नैलसिंगांस बाहेर ठेवावें तर संघांतील सर्वांत दणकट गडी हातचा जातो. त्यांना नेहमींच्या जागीं, म्हणजे बचावाच्या मध्यभागीं, खेळवावें तर शत्रूचा प्रत्येक उंच चेंडू डोक्यानें परतवावा लागणार. तेथें चुकवाचुकवी चालत नाहीं, कारण बचाव करणाऱ्याची एक चूक म्हणजे एक गोल. जखमी डोक्याच्या माणसास ही जागा द्यावी कशी?

मास्तरांनीं तिसराच मार्ग काढला. जर्नैलसिंग विद्यार्थिदशेंत आघाडीवर खेळत असत, हें त्यांच्या ध्यानांत होतें. त्यांनीं या बचावपटूस उचलून थेट आघाडीच्या मध्यभागीं नेऊन उभें केलें! आघाडीवर खेळणाऱ्यानें कोणता चेंडू घ्यावा आणि कोणता सोडावा हें पुष्कळसें त्याच्या हातीं असतें. चेंडू चुकला तर संधि जाते, सामना जात नाहीं. शिवाय डोक्यास पट्टी बांधलेला हा धिप्पाड सरदार अंगावर चालून येतांना पाहून शत्रूच्या बचावफळीची जी मनःस्थिति होईल तीहि जमेस धरण्यासारखी होती. त्यांची बचावांतली जागा अरुण घोष यांनीं सांभाळली. उपांत्य सामन्यांत दक्षिण व्हिएतनामला आपण ३-२ असें हरविलें. दोन गोल कर्णधार चुनी गोस्वामींचे आणि एक आघाडीवर आलेल्या जर्नैलसिंगांचा.

अंतिम सामना पुन्हां त्याच कोरियाशीं होता. साखळींतील पराभवाचा एक मोठा उपयोग असा कीं शत्रूचा खेळ पुरता पाहून झालेला असतो. रहीम मास्तरांनीं आणखी एक अदलाबदल केली. गोलरक्षक पीटर थंगराज फ्ल्यूनें आजारी होते आणि त्यांच्या जागीं प्रद्युत बर्मन चांगले खेळत होते. जिंकत आलेल्या संघांतील गोलरक्षक कोणी सहसा बदलत नाहीं. परंतु थंगराज चांगले उंचपुरे; कोरियाच्या उंच चेंडूंना त्यांचेच हात पुरे पडतील असें मास्तरांनीं ठरविलें आणि आजारांतून उठलेल्या थंगराजांस गोलांत उभें केलें. उजव्या पक्षावर प्रदीपकुमार बॅनर्जी, डाव्या पक्षावर सिकंदराबादचे तुळशीदास बलराम, आंत गोस्वामी व युसुफ खान, मधल्या फळींत प्रशांत सिन्हा आणि फॉर्च्युनाटो फ्रँको. हे फ्रँको गोव्यांतील कोलवाळचे आणि खेळत मुंबईस. गोवा मुक्त होऊन तेव्हां पुरे नऊ महिनेहि झाले नव्हते; त्या भूमीचा एक पुत्र भारताच्या पोषाखांत अंतिम सामन्यास उभा होता, ही गोष्ट मराठी वाचकांनीं विसरतां कामा नये.

मैदानाबाहेरचा शत्रु मैदानावरच्याहून प्रबळ होता. यजमानांनीं इस्रायल व तैवान यांच्या खेळाडूंना स्पर्धेस येऊं दिलें नव्हतें. या स्पर्धांच्या संस्थापकांपैकीं असलेले भारताचे गुरुदत्त सोंधी यांनीं त्यास हरकत घेतली आणि असें असेल तर या क्रीडास्पर्धेस आशियाई हें नांव लावूं नये अशी भूमिका मांडली. त्यामुळें जकार्तांत भारताविरुद्ध क्षोभ उसळला. अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशीं जमावानें आपल्या वकिलातीवर हल्ला केला. ४ सप्टेंबर रोजीं सेनायानच्या भव्य क्रीडांगणांत सुमारें एक लाख प्रेक्षक जमले होते आणि त्यांतील बहुतेक आपल्या विरुद्ध ओरडत होते. खेळाडूंनीं पुढें आपल्या आठवणींत सांगितलें आहे कीं त्या गर्दींत आपल्या बाजूनें आवाज उठविणाऱ्यांत पाकिस्तानच्या हॉकी संघाचे खेळाडू होते. राजकारणानें दुरावलेल्या भावांना खेळानें घटकाभर कां होईना एका बाजूस बसविलें!

आदल्या रात्रीं खेळाडूंना झोंप येईना. रहीम मास्तरांनीं त्यांच्यापुढें लांबलचक व्याख्यान झोडलें नाहीं. उद्यां मला तुमच्याकडून एक भेट हवी आहे, ती म्हणजे सुवर्णपदक, एवढेंच त्यांनीं मागितलें, असें त्यांचे शिष्य सांगत. परीक्षेच्या आदल्या रात्रीं मुलापुढें पुस्तकांचा ढीग टाकणाऱ्या पालकांनीं हें ध्यानांत घ्यावें. शिकवणी संपलेली असते. उरतो तो केवळ विश्वास.

दुसऱ्या दिवशीं १७ व्या मिनिटास बॅनर्जींनीं पहिला गोल केला. त्यानंतर तीनच मिनिटांनीं दुसरा झाला आणि तो केला जर्नैलसिंगांनीं. ज्या माणसाला एरवीं बाहेर बसवावें लागलें असतें, त्यानेंच सुवर्णपदकावर मोहोर उठविली. कोरियानें ८५ व्या मिनिटास एक गोल फेडला, परंतु तोंवर फार उशीर झाला होता. भारत २-१ असा विजयी झाला.

एक अडचणीचा प्रश्न

अशा कथांचा मोह असा कीं शेवट गोड झाला म्हणजे मधलें सर्व योग्यच होतें असें वाटूं लागतें. परंतु विवेकी वाचक विचारील कीं डोक्यास टाके पडलेल्या तरुणास मैदानावर उतरविणें हें उचित होतें काय? विजय मिळाला नसता आणि जखम पुन्हां फुटली असती, तर आज आपण याच रहीम मास्तरांस कोणत्या शब्दांनीं स्मरलें असतें?

आम्हांस हा प्रश्न टाळावासा वाटत नाहीं. डोक्याच्या आघाताचे परिणाम किती दूरवर पोंचतात याचें ज्ञान आज पुष्कळ वाढलें आहे. मेंदूस धक्का बसल्याची शंका येतांच त्या खेळाडूच्या जागीं जादा बदली खेळाडू घेतां यावा, अशी सोय २०२४ पासून फुटबॉलच्या नियमांतच कायमची घालण्यांत आली आहे. तेव्हां आमच्या घरांतील किंवा शाळेंतील कोणा मुलानें जर्नैलसिंगांचें उदाहरण देऊन डोक्यास लागलें असतां खेळण्याचा हट्ट धरला, तर त्याला हात धरून बाहेर बसवावा हेंच योग्य होईल. पराक्रमाचें कौतुक करणें निराळें आणि त्याचा नियम करणें निराळें. मात्र एक गोष्ट रहीम मास्तरांच्या बाजूनें सांगितली पाहिजे. जखमी माणसास त्यांनीं जुन्याच जागीं लोटून ‘सोस’ म्हणून सांगितलें नाहीं. त्याची जखम लक्षांत घेऊन त्याची जागा बदलली. माणसास जागेसाठीं न राबवितां जागा माणसासाठीं शोधली. यालाच आम्ही योजकता म्हणतों. निरुपयोगी असा मनुष्य जगांत नाहीं, त्याला योग्य जागीं लावणारा तेवढा दुर्मिळ, असें आपल्या सुभाषितकारांनीं म्हटलें आहे तें हेंच.

प्रतिग्रह कोठें होता?

जकार्ताहून परतल्यावर वर्षहि लोटलें नाहीं. ११ जून १९६३ रोजीं रहीम मास्तर कर्करोगानें निवर्तले. तेव्हां त्यांचें वय त्रेपन्न होतें. त्यानंतर भारताला आशियाई स्पर्धेंत फुटबॉलचें सुवर्णपदक पुन्हां मिळालें नाहीं; १९७० सालीं बँकॉक येथें कांस्यपदक मिळालें तेंच शेवटचें. ऑलिंपिकमध्यें तर १९६० च्या रोमनंतर आपला फुटबॉल संघ एकदांहि गेलेला नाहीं.

एक मनुष्य गेला म्हणून एवढ्या मोठ्या देशाचा खेळ खालावला, असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. दुसरीं कारणेंहि होतीं. इतर आशियाई देश झपाट्यानें पुढें गेले. आपल्याकडे देशांतर्गत सामने त्या काळीं ७० मिनिटांचे असत आणि परदेशांत ९० मिनिटें खेळावें लागे. शेवटच्या वीस मिनिटांत पाय जड झाले तर नवल नाहीं. परंतु हीं कारणें जमेस धरूनहि एक उणीव उरतेच. रहीम मास्तरांचे शिष्य पुष्कळ होते. प्रदीपकुमार बॅनर्जी पुढें कलकत्त्यांत नामवंत प्रशिक्षक झाले. मास्तरांचे पुत्र सय्यद शाहिद हकीम हे १९६० च्या ऑलिंपिक संघांत होते आणि त्यांनींहि जन्म या खेळांत घालविला. म्हणजे विद्या अगदींच लुप्त झाली असें नाहीं. परंतु मास्तर जें डोक्यांत घेऊन वावरत, कोणता गडी पूर्वीं कोठें खेळत असे, कोणाचा कोणता पाय अधू, कोणाला बोललेलें लागतें आणि कोणाला न बोललेलें, ती सर्व माहिती पुढच्याच्या हातीं पद्धतशीर सोंपविण्याची व्यवस्था आपण उभी केली नाहीं. ज्याच्या संघांत प्रत्येक जागेला प्रतिग्रह होता, त्या योजकालाच प्रतिग्रह नव्हता. राखीव फौजेवांचून लढूं नये हें कौटिल्याचें सांगणें आपण सेनापतीच्या बाबतींत विसरलों. २०२४ सालीं ‘मैदान’ या हिंदी चित्रपटानें त्यांचें नांव घरोघर नेलें हें ठीक झालें. पण साठ वर्षांनीं पडद्यावर आरती ओंवाळणें आणि वेळेवर वारस तयार करणें यांत अंतर आहे.

आमच्या वाचकांपैकीं फारच थोड्यांच्या घरांतून फुटबॉलचे गडी निघतील. आमच्या जिल्ह्यांतील काळ्या मातीचें मैदान पावसाळ्याचे चार महिने पाय धरून ठेवतें. येथें मुलें कबड्डींतच अधिक रमतात. परंतु घर हीहि एक सेनाच आहे आणि तिचेहि पक्ष, उरस्य व प्रतिग्रह आहेत. एकत्र कुटुंबांत हिशेब एकालाच ठाऊक असतो, औषधांच्या वेळा एकाच सुनेला पाठ असतात, शेताच्या बांधाचा तंटा एकट्या काकांनाच समजलेला असतो. सर्व सुरळीत चालतें तोंवर कोणाच्या लक्षांत येत नाहीं. मग तें एक माणूस आजारी पडतें आणि घर गोंधळून उभें राहतें. दुसरीकडे, बारावीच्या परीक्षेंत एका विषयांत घसरलेल्या मुलास बाद ठरवून आपण मोकळे होतों. त्याच्यांत आणखी कोणता गुण आहे, लहानपणीं तो कशांत रमत असे, हें आठवण्याची तसदी घेत नाहीं. शाळेंत चाळीस वर्षें घालविल्यावर आम्हांस असें दिसतें कीं नापास झालेल्या मुलांपेक्षां चुकीच्या जागीं उभीं केलेलीं मुलेंच अधिक.

तेव्हां घरांतील कर्त्या पुरुषांनीं आणि त्यांच्याहून अधिक घरांतील कर्त्या स्त्रियांनीं, एखाद्या संध्याकाळीं जेवणें आटोपल्यावर सर्वांना एकत्र बसवावें. प्रत्येकाचें काम दुसऱ्या कोणाला येतें कीं नाहीं हें विचारावें आणि येत नसेल तर दुसऱ्या दिवसापासून शिकविण्यास आरंभ करावा. आणि जो कोणी सध्यां कोपऱ्यांत बसला आहे, त्याची पूर्वींची जागा कोणती होती याची एकदां आठवण करावी. जर्नैलसिंगांची ती जुनी जागा रहीम मास्तरांच्या ध्यानांत होती म्हणूनच जकार्तांत ती उपयोगी पडली.